ग्रंथालयाचं नूतनीकरण शिकायचं कुठे: कार्यशाळेत की नूतनीकरण झालेल्या ग्रंथालयात?

आधी कार्यशाळा करा. नकाशा वाचणं तिथेच जमतं: १:१०० प्रमाणात १ सेंमी म्हणजे १ मीटर. भाराचं गणितही तिथेच कळतं. साध्या मांडण्यांसाठी दर चौरस मीटरला सुमारे ७३० किलो भार धरतात. रुळांवर सरकणाऱ्या कपाटांसाठी जवळपास दुप्पट. हे न तपासता कपाटं मागवली, तर स्लॅब वाकतो, रुळांची पातळी बिघडते आणि भरलेलं कपाट हलता हलत नाही.

चुका मात्र स्थळभेटीतच दिसतात. टेप आणि लक्समीटर (प्रकाश मोजणारं यंत्र) सोबत न्या. कपाटांमधली वाट निदान ९० सेंमी आहे ना, मोजा. लक्समीटर सगळ्यांत खालच्या फळीशी उभा धरा. दिवे वाटेच्या मधोमध नसतील, तर त्या फळीवरच्या पुस्तकांच्या पाठीवरचे बोधांक (पुस्तकाची जागा सांगणारे क्रमांक) वाचणं कठीण जाऊ शकतं. आणि पुस्तकांची देवघेव करणाऱ्या कर्मचाऱ्यांना जरूर विचारा, उद्घाटनानंतर काय काय हलवावं लागलं.