धरणं, शॅड मासा आणि 'शॅडिया': काही महिने वापरल्यावरचं मत

आधीच सांगून टाकतो, बटणं दाबून रंगीत नकाशे काढणारं काही हवं असेल तर इथे वेळ घालवू नका. 'शॅडिया' हे आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं मोफत, मुक्त-स्रोत पॅकेज आहे: धरणांमुळे नदीतल्या शॅड माशांच्या संख्येचं काय होईल, याचं मॉडेल. त्याला खिडकी नाही, मेन्यू नाही. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरून उतरवायचं, एक फंक्शन चालवायचं आणि आकड्यांचा भलामोठा तक्ता हातात घेऊन बसायचं. तरीही नदीवरच्या धरणांबद्दल कोणी गंभीरपणे विचारलं तर मी पहिलं नाव याचंच घेतो.

माझा व्यवसाय संख्याशास्त्राचा, माशांचा नव्हे. पण राहतो मॅसॅच्युसेट्समध्ये, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात. इथल्या जलविद्युत धरणांच्या परवान्यांचं नूतनीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं आहे. असा परवाना एकदा मिळाला की तीस ते पन्नास वर्षं चालतो, म्हणजे माशांसाठी काय करायचं ते आत्ताच ठरलं नाही तर पुढची संधी नातवंडांच्या काळात. नदीसाठी झटणाऱ्या आमच्या छोट्या गटाला हरकती-सूचना लिहायच्या होत्या. 'मासे वाचवा' एवढंच लिहून भागत नाही, आकडे लागतात. ते काम माझ्याकडे आलं.

मासा कोणता, हे थोडक्यात. अमेरिकन शॅड हा हेरिंगच्या गोतावळ्यातला, आपल्या पाल्याचा, म्हणजे बंगाल्यांच्या इलिशचा, लांबचा भाऊबंद. तसाच चविष्ट आणि तसाच काटेरी. समुद्रात वाढतो आणि चार-पाच वर्षांचा झाला की जन्मलेल्या नदीत अंडी घालायला चढतो. फ्लोरिडाकडचे शॅड अंडी घालून तिथेच मरतात, उत्तरेकडचे मात्र समुद्रात परततात आणि पुढल्या वर्षी पुन्हा येऊ शकतात. हे 'पुन्हा येऊ शकतात' लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

पॅकेज मुळात डॅनियल स्टिच या मत्स्यशास्त्रज्ञाचं. त्याचा पाया असलेला, मेन राज्यातल्या पेनोबस्कॉट नदीवरचा शोधनिबंध २०१९ सालचा. मॉडेलची रचना मला फार आवडली. समुद्रातली वर्षं वयोगटांच्या हिशेबाने चालतात: इतके दोन वर्षांचे, इतके तीन वर्षांचे, दरवर्षी इतके मेले. नदीत शिरल्यावर मात्र एकेक मासा सुटा मोजला जातो. पाण्याच्या तापमानावरून तो कधी शिरेल हे ठरतं, मग तो रोज थोडा पुढे सरकतो, धरणापाशी अडतो, पार होतो किंवा होत नाही. पेनोबस्कॉटवर तर वाटेत फाटा लागतो: सरळ मुख्य नदीने वेस्ट एनफिल्डकडे जायचं की हाऊलंडवरून पिस्कॅटॅक्विस उपनदीत वळायचं. प्रत्येक वाटेवरची धरणं वेगळी आणि प्रत्येक धरणाला तुम्ही वेगळा आकडा देऊ शकता: चढताना किती पार होतात, उतरताना मोठे किती जगतात, पिल्लं किती जगतात.

आता आमच्या नदीवरचा प्रयोग. समुद्राकडून येताना पहिलं मोठं धरण होल्योकचं. तिथे १९५५ पासून माशांची लिफ्ट आहे, आणि लिफ्ट म्हणजे खरीखुरी लिफ्ट: पाण्याने भरलेला हौद माशांसकट वर उचलतात. १९९२ साली तिथून सात लाखांहून जास्त शॅड वर गेले. त्याच्या पुढचं टर्नर्स फॉल्स. तिथल्या, माशांनी चढून जायच्या पायऱ्या कोलंबिया नदीतल्या सॅमनसाठी बनवलेल्या नमुन्यावरून बांधल्या. शॅड काही सॅमनसारखा उड्या मारत चढत नाही, त्यामुळे होल्योक पार केलेल्यांपैकी थोडकेच टर्नर्स फॉल्स ओलांडतात. त्याच्या वर व्हर्नन.

कोणालाही वाटेल की टर्नर्स फॉल्सला चांगली लिफ्ट बसवली की झालं. मलाही मॉडेलकडून तेवढंच वदवून घ्यायचं होतं. पण कागदावरचं साधं गणित बघा. तीन धरणं आणि प्रत्येकी ७० टक्के मासे पार होतात असं धरलं तर तिसऱ्याच्या वर पोचतात ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ३४ टक्के. प्रत्येकी ९० टक्के केले तर ७३ टक्के. इथवर सगळे खूश. आता परतीचं बघा. उतरताना प्रत्येक धरणाशी ८० टक्के जगले, तर तीन धरणांखाली जिवंत उरतात जेमतेम ५१ टक्के. चढण सुधारली म्हणून जास्त मासे वर गेले, आणि जास्त मासे टर्बाइनमधून खाली आले. गणपतीला कोकणात जादा गाड्या सोडायच्या आणि परतीच्या ठेवायच्याच नाहीत, तसला प्रकार.

आलेखात हे डोळ्यांनी दिसतं. चढणीचा आकडा वाढवत नेला की सुरुवातीला शॅडच्या संख्येची रेघ वर जाते. मात्र उतरणीचा आकडा खराब असेल तर रेघ लवकर सपाट होते आणि काही मांडण्यांत चक्क खाली वळते. कारण वयस्क, मोठ्या माद्या जास्त अंडी घालतात, आणि नेमक्या त्याच परतताना मरतात. वरचा अधिवास मिळाल्याचा फायदा त्या तोट्यात बुडतो. आमच्या गटात यावरून चांगलीच खडाजंगी झाली. लिफ्टची मागणी लोकांना कळते, छायाचित्रात छान दिसते. टर्बाइनच्या तोंडाशी बारीक जाळ्या आणि खाली उतरायला वेगळी वाट, या मागणीवर टाळ्या पडत नाहीत. शेवटी मसुद्यात दोन्ही मागण्या एकाच वाक्यात घातल्या, एक मान्य करून दुसरी वगळता येऊ नये म्हणून. माझ्या मते या सॉफ्टवेअरचं खरं काम हेच: ते उतरणीचा प्रश्न टाळू देत नाही. फंक्शनमध्ये तो रकाना समोरच असतो.

आणखी एक गोष्ट मला उशिराने जाणवली. 'किती पार होतात' याच्या जोडीला 'किती वेळात' हाही रकाना आहे. धरणाखाली आठवडाभर घिरट्या घालून मग पार झालेला मासा कागदावर यशस्वी असतो, पण तोवर पाणी तापलेलं असतं आणि त्याच्या अंगातली चरबी संपत आलेली असते. समुद्रातून शिरल्यावर शॅड फारसं खातच नाही. धरणांच्या अहवालांत टक्केवारी ठळक छापतात, वेळ मात्र परिशिष्टात कुठेतरी असतो. तो शोधून घाला.

कुरबुरी आहेत. पहिली, नद्या ठरावीक आहेत: पेनोबस्कॉट, केनेबेक, मेरिमॅक, कनेक्टिकट, सस्क्वेहाना अशा. प्रत्येकीचं फंक्शन वेगळं आणि धरणांची साखळी आतच बांधलेली. तुमच्या गावची नदी त्यात नसेल तर कोड उघडून नवी साखळी लिहावी लागते. कोड मुक्त असल्यामुळे ते जमतं, पण आर येणाऱ्यालाच.

दुसरी कुरबूर जरा मोठी. अप्रत्यक्ष आणि उशिरा होणाऱ्या मृत्यूसाठी दोन आकडे आहेत, आणि त्यांची मूळ किंमत १. म्हणजे तुम्ही हात लावला नाही, तर धरणातून जिवंत उतरलेला मासा पुढे शंभर टक्के ठणठणीत असं गृहीत धरलं जातं. खरचटलेला, भोवळलेला मासा चार मैल खाली जाऊन मेला तर तो हिशेबात येतच नाही. मूळ किंमत वापरण्यात गैर काही नाही, मोजमाप नसेल तर लेखक तरी काय घालणार? पण ज्याला धरण निर्दोष दाखवायचंय त्याला गप्प बसणंही पुरतं. कोणी मॉडेलचे आकडे नाचवत आला तर हे दोन रकाने आधी विचारा.

तिसरी गोष्ट दोष नव्हे, स्वभाव आहे. मॉडेलची प्रत्येक धाव वेगळी येते, कारण प्रत्येक आकड्याभोवतीची अनिश्चितता यादृच्छिक निवडीने आत घेतली आहे. पाच-दहा धावांवर काही बोलू नका. काहीशे धावा रात्रभर लावा, त्यासाठी एकाच वेळी अनेक प्रोसेसर वापरायची सोय करता येते, आणि मधली किंमत व तिच्याभोवतीचा पट्टा बघा. 'चाळीस वर्षांनी नदीत इतके शॅड असतील' हे वाक्य या पट्ट्यातून काढणं म्हणजे थापेबाजी. 'या मांडणीपेक्षा ती मांडणी बरी' एवढं मात्र छातीठोकपणे म्हणता येतं.

ज्यांना एवढ्या खोलात शिरायचं नाही त्यांच्यासाठी त्याच लेखकाचं 'ॲनाड्रोफिश' आहे. त्यात एकेका माशाचा माग नाही. समुद्रापासून कितवं धरण आणि त्याच्या वर किती अधिवास, एवढ्यावर हिशेब चालतो. त्यामुळे ते झटपट चालतं, अटलांटिक किनाऱ्यावरच्या ढीगभर नद्या त्यात आधीच आहेत, आणि शॅडच्या जोडीला अलेवाइफ व ब्लूबॅक हे नदीत चढणारे हेरिंगही. किनाऱ्यावरचा शॅडचा सुमारे ४० टक्के जुना अधिवास धरणांमुळे तुटला आहे. तेवढ्या मोठ्या पटाचं चित्र हवं असेल तर ॲनाड्रोफिश घ्या. एकाच धरणावरून भांडायचं असेल तर शॅडिया.

मॉडेलवर विश्वास का ठेवावा, असं आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनियरकाकांनी विचारलं. मी पेनोबस्कॉटकडे बोट दाखवलं. तिथे ग्रेट वर्क्स धरण २०१२ मध्ये आणि व्हीझी २०१३ मध्ये पाडायला घेतलं, मिलफर्डला नवी लिफ्ट आली, आणि शॅड व नदीतले हेरिंग खरोखर वर जाऊ लागले, हेरिंग तर लाखांनी. याने आकडा सिद्ध होत नाही, दिशा पटते. काकांचं तेवढ्याने समाधान झालं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

भारतातल्या कोणी, विशेषतः मत्स्यविज्ञान शिकणाऱ्यांनी, याला हात घालावा का? जरूर घालावा, पण जसंच्या तसं लावायला जाऊ नका. १९७५ मध्ये फरक्का बराज, म्हणजे दारांचा बंधारा, झाला, त्याआधी इलिश गंगेतून प्रयागराजच्याही पुढे जायचा. प्रश्न तोच आहे, पण शॅडियात मासा तापमान बघून निघतो. आपल्याकडचा पाला पावसाळी पुराबरोबर चढतो. म्हणजे नदीत शिरण्याचा तो तुकडा पूर्ण नव्याने लिहावा लागेल, तापमानाच्या जागी पाण्याचा प्रवाह घालून. बाकीचा सांगाडा, म्हणजे वयोगट, धरणांची साखळी, चढण-उतरणीचे आकडे, उचलता येतो. मी हौसेखातर तसा एक तुकडा लिहायला घेतला आहे. चढणीच्या बाजूला अंदाजाने का होईना काही घालता येतं, पण बराजाच्या दारांतून परत उतरणारे मोठे मासे किती जगतात, तो रकाना रिकामाच आहे. कोणाकडे असं मोजमाप असेल, छापलेलं असो वा वहीतलं, तर कळवा.