अमेरिकेतून मागवलेले रनिंग शूज: 11 महिन्यांनंतरचा अनुभव

आधी पायाबद्दल सांगतो, मग जोड्यांबद्दल. माझा पंजा सगळ्यात रुंद जागी 11 सेंमीच्या वर भरतो. दहावीपर्यंत अनवाणी वावरात हिंडलो म्हणून असं झालं, असं आई म्हणते. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावात मास्तर आहे. रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर पळतो, रविवारी पंधरा. यवतमाळ, अमरावती, नागपुरात बर्डी, सगळीकडे दुकानं पालथी घातली. जो तो म्हणतो, "सर, एक नंबर मोठा घ्या." मोठा घेतला की लांबी वाढते, पंज्याची अडचण तिथंच राहते. करंगळीला फोड, मागून टाच निसटते. गेल्या वर्षी टाच धरली, सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा ठरवलं की आता पायाच्या मापाचा जोडा घ्यायचा, मग तो कुठूनही येवो.

अमेरिकेत जोड्याला लांबीबरोबर रुंदीचंही अक्षर असतं. पुरुषांत डी म्हणजे नेहमीची, 2ई रुंद आणि 4ई त्याहून रुंद. ब्रूक्स आणि न्यू बॅलन्सचे बरेच मॉडेल 4ईमध्ये निघतात. तिथली दुकानं भारतात पाठवत नव्हती, म्हणून फॉरवर्डिंगवाल्याकडे खातं उघडलं. तो त्याच्या गोदामाचा पत्ता देतो, त्यात आपला खाते क्रमांक टाकायचा. दुकान माल तिथे पाठवतं आणि गोदामवाला तो आपल्याकडे रवाना करतो. मी ओरेगॉनचा पत्ता निवडला. त्या राज्यात विक्रीकर नाही, तेवढे डॉलर वाचतात.

दोन दुकानांनी ऑर्डर परस्पर रद्द केली. कार्ड भारताचं, पत्ता गोदामाचा, त्यांना संशय आला असावा. तिसऱ्यानं घेतली. मागच्या वर्षीचं मॉडेल 85 डॉलरला मिळालं, डॉलर तेव्हा 86 च्या घरात. म्हणजे 7,310 रुपये. मी खूश. हिला म्हटलं, बघ, इथल्यापेक्षा स्वस्त.

मग खरा हिशेब सुरू झाला. विमानाचं भाडं नुसत्या वजनावर नसतं. लांबी, रुंदी, उंची सेंमीत गुणायची आणि 5000 ने भागायचं. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर भाडं त्याच आकड्यावर. माझं पार्सल 36 गुणिले 24 गुणिले 14, म्हणजे 2.4 किलो, आकारले अडीच. काट्यावर जेमतेम 1.1 किलो होतं. मी 'खोकं काढून पाठवा' वर टिक केली होती. ती कुणी पाहिलीच नाही, आणि चॅटवरच्या माणसानं दिलगिरीशिवाय काही दिलं नाही. भाडं 41 डॉलर. खोकं काढलं असतं तर 26 मध्ये भागलं असतं.

आणि कस्टम ड्यूटी नुसत्या जोड्याच्या किमतीवर लागत नाही, किंमत अधिक भाडं यावर लागते. माझ्या बिलात आधी 38.5 टक्के, मग त्या सगळ्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. कर लागलेल्या रकमेवर पुन्हा कर, म्हणून एकूण 63 टक्क्यांच्या वर गेलं. म्हणजे जास्तीच्या 15 डॉलरवरही ड्यूटी भरली. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यानं मला जवळपास 2,100 रुपयांना घातलं. हिनं त्यात आता तुरीचं बियाणं ठेवलंय आणि पाहुण्यांना "हे आमचं महागाचं खोकं" म्हणून दाखवते. कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क आणि कुरिअरनं ड्यूटी आगाऊ भरल्याचे पैसे धरून पहिला जोड 18,800 ला पडला.

मुंबईला पार्सल चार दिवस अडकलं ते केवायसीमुळे. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, पार्सलवर फक्त माझं आणि आडनाव. आता फॉरवर्डरच्या खात्यातही आधारवर आहे तसंच पूर्ण नाव लिहून ठेवलंय. कुरिअरवाल्यानं शेवटी फोन केला, "तुमच्या गावाला गाडी येत नाही, यवतमाळला येऊन घेऊन जा." घरपोच सेवेचे पैसे मात्र घेतले होतेच.

दुसऱ्या वेळी शहाणा झालो. दोन जोड एकत्र, दोन्ही खोक्याशिवाय, टिकही आणि चॅटवर वेगळं लेखीही. दोन किलोत बसले, भाडं 36 डॉलर. एक जोड साधारण 15,100 ला पडला. चॅटवाल्यानं या वेळी किंमत कमी दाखवायचं किंवा 'गिफ्ट' लिहायचं सुचवलं. नाही म्हटलं. एक तर पार्सल हरवलं तर भरपाई दाखवलेल्या किमतीचीच मिळते, आणि गिफ्टची सवलत डिसेंबर 2019 मध्येच बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सुटली. 4ईचा जोडा राखीत कसा बसवणार?

तिसरं पार्सल टपालानं मागवलं. भाडं 14 डॉलर, पण 27 दिवस लागले आणि मधले बारा दिवस ट्रॅकिंग ठप्प. पण टपाल गावात येतं, हा मोठा फरक. पोस्टमननं घराशी आणून दिलं आणि ड्यूटीचे 5,400 रोख घेतले. नोटा मोजता मोजता म्हणाला, "मास्तर, एवढ्यात तं डीएपीचे चार पोते येते ना बाप्पा!" हिशेब अगदी बरोबर होता, खताचं एक पोतं तेव्हा 1,350 चं.

जोड्यांबद्दल तक्रार नाही. तिसऱ्या आठवड्यात करंगळीचा फोड गेला, टाच ठीक व्हायला तीन महिने लागले. त्यात पोटरीच्या व्यायामाचाही हात आहे, सगळं श्रेय जोड्याला देत नाही. एप्रिल-मेमध्ये साडेचारलाच निघतो, सहानंतर डांबर तापतं. पावसाळ्यात पांदणीनं गेलो की काळी माती तळव्याला थरावर थर चिकटते आणि दोन्ही पायांत मिळून किलोभर वजन घेऊन परततो. तेव्हा मुरमाच्या रस्त्यावरच पळावं. सराट्याचे काटे तळव्यात रुततात, घरी आल्यावर चिमट्यानं काढतो. आतपर्यंत एकही आला नाही. धुतल्यावर उन्हात ठेवत नाही, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवतो.

माप चुकलं तर मात्र देव भला. परत करायची मुदत जोडा गोदामात पोचल्या दिवसापासून मोजतात, तुमच्या पायात पोचेपर्यंत ती संपत आलेली असते. उलट पाठवायचं भाडं वेगळं आणि भरलेल्या ड्यूटीचे पैसे सहजी परत येत नाहीत. म्हणून संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहून पेन्सिलीनं रेघ ओढा. दोन्ही पायांची, माझा डावा 4 मिमी लांब निघाला. अमेरिकेचा 9 बऱ्याच कंपन्यांत यूकेचा 8 असतो, सगळ्यांत नाही, ते गणित ऑर्डर करताना दोनदा तपासा. पंजा नेहमीच्या मापाचा असेल तर या भानगडीत पडू नका, जिल्ह्याच्या दुकानात पायात घालून घ्या.

पहिला जोड 700 किलोमीटरला बसला, बाहेरच्या बाजूनं टाच झिजली. तो शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला दिला. आतापर्यंत तो अनवाणीच 1600 मीटर पळायचा. त्याला जोडा सैल होतो, दोन मोजे घालून पळतो. परवा विचारत होता, "सर, याच्यात डी येते का?"