कोडिंगचं एआय आणि कॉइन: खिशातून काय जातं?
लातूरच्या आडत दुकानांसाठी मी बिलाची सॉफ्टवेअरं लिहितो. महिन्याला 20 डॉलर एआयच्या कोडिंग टूलला जातात. चुलतभाऊ जवळपास तेवढेच बिटकॉइनसारख्या डिजिटल कॉइनात घालायचा. प्रचाराची चाल दोन्हीकडं एकच: आत्ता घेतलं नाहीस तर मागं राहशील.

टूलचा खर्च टोकनवर, म्हणजे त्यानं वाचलेल्या-लिहिलेल्या मजकुराच्या तुकड्यांवर चालतो. मोठी फाइल दिली, तीनदा दुरुस्त करून घेतली, की मर्यादा भरत येते. आणि खरा खर्च निराळाच. टूलनं लिहिलेल्या कोडनं सोयाबीनच्या पट्टीत हमाली दोनदा कापली होती. शेतकऱ्यानं काउंटरवरच बोटांवर मोजून दाखवलं. चूक शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. तरी काम निघतं, आणि नको झालं तर पुढच्या महिन्यात बंद.

कॉइनचं तसं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरपर्यंत चढलेला बिटकॉइन वर्षभरात 17 हजारांखाली आला. वर एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. भावाला ज्या सेमिनारला नेलं तिथं जेवण फुकट होतं, पण हे कुणी सांगितलं नाही. ‘खाली दोन माणसं जोडा’ म्हटल्यावर मी तर चप्पलच शोधायला लागलो.