टिअरड्रॉप ट्रेलर: पत्र्याचा की प्लायचा? कोकणात बांधायला निघालेल्यांसाठी

टिअरड्रॉप ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायची, आत झोपता येईल एवढी आणि मागच्या झाकणाखाली स्वयंपाकाची जागा असलेली थेंबाच्या आकाराची छोटी पेटी. ज्यांची चासी (चाकांवरचा खालचा सांगाडा) वेल्ड होऊन अंगणात उभी आहे आणि आता तिच्यावर काय चढवायचं इथे जे अडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं घर देवगड तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. एकाच चासीवर मी दोन बॉड्या चढवल्या. पहिली २०१९मध्ये: २५ बाय २५च्या लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा आणि वर दीड मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. ती २०२२च्या पावसाळ्यानंतर उतरवली आणि प्लायची बांधली, बाहेरून एपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझिन) आणि काचेच्या तंतूंचं कापड चढवून. अ‍ॅक्सल तोच, स्प्रिंगचे पाटे तेच, ओढणारी जीपही तीच. त्यामुळे मला जो फरक जाणवला तो बॉडीचाच असावा, असं मी धरून चालतो.

वजनाची शंका सगळ्यांना असते, ती आधी बाजूला करू. दीड मिलिमीटरचा ८ बाय ४चा पत्रा साधारण बारा किलो भरतो, आणि १८ मिलिमीटरची तेवढीच प्लाय तीस-पस्तीस किलो. एवढं ऐकूनच बरेच जण पत्र्याकडे वळतात. पण पत्रा स्वतःच्या ताकदीवर उभा राहत नाही, त्याला पाइपचा पिंजरा लागतो. तो पिंजरा, आतलं अस्तर आणि मधलं थर्माकोल धरलं की फरक बराच आटतो. प्लायच्या दोन बाजू मात्र स्वतःच भिंती असतात. मी ट्रेलर काट्यावर नेलेला नाही. पण फोंडा घाटात पूर्वी जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथेच आजही लागतो, माझ्यापुरता हिशोब तेवढाच.

बांधण्याच्या सोयीत पत्रा सरळ पुढे आहे, हे मान्य करायला हवं. कणकवली-कुडाळ पट्ट्यात वेल्डर आणि फॅब्रिकेशनवाले भरपूर. नकाशा हातात दिला की तीन आठवड्यांत पेटी उभी राहते. प्लायला मला जवळजवळ चार महिने लागले, आणि त्यातला निम्मा वेळ सुतारकामात गेला नाही, एपॉक्सी सुकण्याची वाट बघण्यात गेला.

मग पत्रा उतरवला का? एका थेंबामुळे.

डिसेंबरात आम्ही दोघं आणि मुलगी आंबोळगडजवळ एका ओळखीच्या बागेत मुक्कामाला होतो. पाऊस नव्हता, आभाळ निरभ्र, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटलेला. पहाटे तीनच्या सुमारास बायको उठून बसली. कपाळावर पाणी पडलं म्हणाली. बॅटरी लावून वर पाहिलं तर छताला पाइप जिथे जिथे होते, नेमक्या त्या रेषांवर थेंबांची रांग लागलेली. मुलीच्या पांघरुणाचा पायाकडचा भाग ओला. सकाळी गादी उचलली, तर खालूनही दमट. तोवर मी छत गळतंय अशा समजुतीत दोनदा सगळे सांधे सिलिकॉनने भरले होते. छत गळत नव्हतंच. ते पाणी आमचंच होतं.

झोपेत एक माणूस श्वास आणि घाम मिळून रात्रभरात जवळपास पाव लिटर पाणी हवेत सोडतो. बंद खोलीत ते कळत नाही. पाच फूट रुंद, आठ फूट लांब आणि मध्ये जेमतेम चार फूट उंच अशा पेटीत मात्र ते कळतंच. निरभ्र रात्री उघड्यावर ठेवलेल्या जीपचं टप दवानं न्हालेलं असतं, कारण धातू आपली उष्णता आभाळाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. ट्रेलरचं छत तसंच थंड होतं, त्याला टेकलेले पाइपही, आणि आतली ओली हवा तिथे जाऊन पाणी होते. घाटावर हवा कोरडी असते, तिथे हे कदाचित एवढं भेडसावणार नाही. आपल्याकडे बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली. त्यामुळे खिडकी उघडी ठेवा हा सल्ला अर्धाच उपयोगी पडतो.

मी उपाय केले नाहीत असं नाही. पाइपांच्या मधल्या चौकोनांत थर्माकोल बसवलं. पत्रा झाकला गेला, पण आता सगळं पाणी उघड्या राहिलेल्या पाइपांवर जमू लागलं. लोखंड उष्णता वाहून न्यायला प्लायच्या शेकडो पट तत्पर असतं, त्यामुळे प्रत्येक पाइप म्हणजे बाहेरच्या थंडीनं आत घातलेलं बोट. मग त्यावर तीन मिलिमीटरची प्लाय अस्तर म्हणून ठोकली. थेंब दिसायचे थांबले. एप्रिलात कुबट वास येऊ लागला म्हणून अस्तर काढलं, तर मागे काळी बुरशी धरलेली. छतातल्या पंख्यानं सगळ्यात जास्त फरक पडला, पण तो रात्रभर चालवला की बॅटरी उतरायची, आणि अवकाळी सरी आल्या की झडप लावून घ्यावी लागायची. एसीच्या डक्टला लावतात तो काळा नायट्राइल फोम पाइपांवरूनही सलग चिकटवला असता तर पत्र्याची पेटी कोरडी राहिली असती, असं मला आज वाटतं. ज्यांना पत्राच करायचा आहे त्यांनी हे पहिल्या दिवशीच करावं. आतली दोन इंच उंची जाईल, ती सोडायची तयारी ठेवा.

प्लायच्या ट्रेलरला आता तीन हिवाळे झाले. काचेवर धुकं धरतं, ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीला ओल येते, पण छतावरून थेंब एकदाही पडलेला नाही. पंखा रात्री तासाभरानं बंद करतो.

आता प्लायबद्दलची भीती. कोकणात राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात फुगणारी दारं आणि वाळवी ही दोन दुखणी शिकवावी लागत नाहीत, त्यामुळे प्लायचा ट्रेलर म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. भीती खरी आहे. पण मालवणकडे होड्यांना फायबर मारणाऱ्या एका जुन्या कारागिरानं मला जे सांगितलं त्यावर माझा सगळा ट्रेलर उभा आहे: "पाणी वरसून येना नाय, कडेसून येता." प्लायचा पृष्ठभाग क्वचितच कुजतो. कुजतात त्या कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं, कारण तिथे लाकडाचे उभे तंतू उघडे पडतात आणि वातीसारखं पाणी ओढतात.

म्हणून आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीन (पाण्याला टिकणारी) प्लाय घ्या, शिक्का बघूनच, आणि प्रत्येक कड रंगाच्या आधी एपॉक्सीनं तीन वेळा भिजवा. बिजागरी, हँडल, दिवा, जे काही स्क्रूनं बसणार असेल त्याचं भोक आधी दुप्पट मोठं पाडा, एपॉक्सीनं भरा, सुकल्यावर त्यात पुन्हा योग्य मापाचं भोक पाडा. स्क्रू मग लाकडाला शिवतच नाही. हे काम कंटाळवाणं आहे. माझ्या ट्रेलरला अशी दीडशेच्या वर भोकं आहेत आणि प्रत्येकाला दोन फेऱ्या. पण इथे घाई केली तर प्लाय घेऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन.

आणखी एक चूक टाळा. होड्यांचं फायबर करणारे पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट (न विणलेल्या, सुट्या काचतंतूंची चटई) वापरतात. साच्यातून काढलेल्या अख्ख्या फायबरच्या होडीला ते उत्तम. लाकडावर मात्र पॉलिएस्टरची पकड काही वर्षांत सुटते आणि पापुद्रा उचलला की त्याच्या मागे पाणी साठतं. लाकडाला एपॉक्सीच हवं, आणि एपॉक्सीखाली मॅट नको, विणलेलं कापड घ्या. मॅटचे तंतू ज्या बांधणीनं धरलेले असतात ती पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननं विरघळते. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही, कडक राहते. एपॉक्सीचा खर्च मला प्लायपेक्षा जास्त आला, हेही सांगून ठेवतो. वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग लागतोच, उन्हात उघडं एपॉक्सी टिकत नाही. रंग पांढराच द्या.

खारी हवा दोघांनाही सोडत नाही, पण वेगळ्या तऱ्हेनं गाठते. पत्र्यात खरी अडचण पत्र्याची नसून लोखंडाशी त्याच्या जवळिकीची. दोन वेगळे धातू टेकलेले आणि मध्ये मिठाचं पाणी, की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. ज्या वर्कशॉपमध्ये मी पहिली बॉडी करून घेतली तिथे पाइप आणि पत्र्याच्या मध्ये काहीच घातलं नव्हतं. मीही तेव्हा विचारलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर रिव्हेटच्या भोवती पांढरी भुकटी दिसू लागली, आणि खडबडीत रस्त्यानं तेच रिव्हेट सैल पडले. सड्यावरच्या (उघड्या खडकाळ पठारावरच्या) जांभ्यावरून जाताना तो ट्रेलर मागे वाजायचा, आणि तो आवाज आठवला की अजूनही त्रास होतो. प्लायचा मुका आहे. बिजागऱ्या आणि कडीकोयंडे मात्र दोन्हीकडे ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्या, ३०४वर समुद्राकाठी वर्षभरात तांबूस डाग धरतात.

मार खाण्याचं काय? दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर एकदा ऐन ओहोटीला चढताना ट्रेलरची शेपटी जेटीच्या उतारावर घासली. पत्र्याचा होता तेव्हा. मागचा खालचा पाइप वाकला आणि स्वयंपाकाच्या बाजूचं झाकण त्यानंतर कधीच सरळ बसलं नाही. प्लायच्या वेळी मी मागची कड वर तिरकी कापली, तरी एकदा सड्यावर दगड लागलाच. हाताच्या पंजाएवढा भाग खरवडला, आतलं लाकूड दिसलं. घरी येऊन सुकवला, घासला, एपॉक्सीचा थर आणि रंग दिला. दोन संध्याकाळचं काम. वेल्डरला पाइप सरळ करून देता येतो हे खरं, पण माझ्याकडे तरी झाकण पुन्हा बसवून देणारा कुणी भेटला नाही.

नोंदणीबाबत दोन्हींत फरक नाही. ट्रेलर कायद्यानं वेगळं वाहन धरलं जातं. बॉडीचा खर्च करण्याआधी चासीच्या कागदांचं आरटीओत विचारून घ्या. आणि दोन्हींपैकी काहीही ओढत असलात तरी वेळास, आंजर्ल्याच्या पुळणीवर उतरवू नका. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे हिवाळ्यात अंडी घालतात, चाकाखाली घरटं आलेलं कळतही नाही.

तर कुणी काय घ्यावं? तुमच्याकडे काम करायला झाकलेली जागा नसेल, ट्रेलर वर्षभर सोसायटीच्या आवारात उघड्यावर राहणार असेल, किंवा मुक्काम बहुतेक घाटमाथ्यावर उन्हाळ्यात असतील, तर पत्रा घ्या. फोम सलग लावा, दोन धातूंच्या मध्ये रबराची पट्टी घाला, आणि तो निभावेल. पावसाळ्याचे चार महिने ट्रेलर पडवीत किंवा मांगरात ठेवण्याची सोय असेल, आणि दरवर्षी मृगाआधी एक दिवस सगळ्या कडा बोटानं चाचपून बघण्याची तयारी असेल, तर माझा कल कुठे आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

प्लाय ठरलीच तर दिवाळीनंतरच सुरुवात करा. दमट हवेत एपॉक्सीवर ओशट, मेणचट साय येते. ती साध्या पाण्यानं घासून धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही, आणि पावसाळ्यात ती येतच राहते. पहिला थर सकाळी देऊ नका. ऊन चढेल तशी लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि रेझिनमध्ये बुडबुडे सोडते. दुपार कलली, शीट हाताला निवू लागली की द्या, म्हणजे थंड होणारं लाकूड रेझिन आत ओढून घेतं. माझी डावी बाजू सकाळी केलेली आहे आणि उजवी संध्याकाळी. हात फिरवला तर आजही फरक कळतो.