'एक वर्ष, एक दिवस' म्हणत आमचे ७,४८० डॉलर गेले

ग्रीन कार्ड करून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने आम्हाला लुबाडलं. आधी आकडाच सांगते, म्हणजे "फार नाही ना गेले?" असं कोणी विचारायला नको. १,५०० झेलने (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची इथली सोय), २,८८० रोख, मग १,९०० झेलने आणि शेवटी १,२०० रोख. एकूण ७,४८० डॉलर. शेवटचे १,२०० सगळ्यात जास्त झोंबतात, कारण ते देईपर्यंत मला सगळं दिसलेलं होतं.

मी सांगलीची. मायामीजवळ एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. नवरा क्युबन आहे. ग्रीन कार्डासाठी लग्न केलं का, असं मनात आलेल्यांना उत्तर देऊन टाकते: तसं असतं तर ज्याच्या स्वतःच्याच कागदांचा पत्ता नाही असा नवरा कशाला केला असता?

क्युबन लोकांसाठी इथे वेगळा कायदा आहे, ही मात्र थाप नाही. २ नोव्हेंबर १९६६ चा कायदा, लिंडन जॉन्सन यांच्या सहीचा. क्युबन माणसाला सीमेवर तपासून रीतसर आत घेतलं असेल किंवा पॅरोलवर, म्हणजे तात्पुरत्या प्रवेशाच्या खास परवानगीवर, सोडलं असेल, आणि तो इथे वर्षभर राहिला असेल, तर कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. आधी दोन वर्षांची अट होती, १९८० मध्ये एक झाली. मायामीजवळच्या हायलिया या क्युबन वस्तीत शेंबडं पोरही 'उन आन्यो ई उन दिया' म्हणतं, एक वर्ष आणि एक दिवस. शिवाय बायको कुठल्याही देशाची असो, रीतसर आलेली असेल, वर्षभर इथे असेल आणि नवऱ्यासोबत राहत असेल तर तिलाही याच कायद्याखाली अर्ज करता येतो. २०२४ मध्ये भारतीयांच्या ईबी-टूच्या, म्हणजे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या, रांगेत २०१२ च्या तारखा चालू होत्या. अशा माणसाच्या कानावर हे पडल्यावर काय होतं, ते एच-वनवाल्यांना सांगायला नको.

मेख आहे ती 'पॅरोल' या शब्दात. माझा नवरा आणि त्याचा मावसभाऊ २०२२ मध्ये एकाच रात्री टेक्सासच्या सीमेवर ईगल पासला नदी ओलांडून आले. एकाच तंबूत बसवलेले. मावसभावाला पॅरोलचा कागद मिळाला, त्याचं ग्रीन कार्ड केव्हाच आलं. नवऱ्याच्या हातात पडला आय-२२०ए, म्हणजे हजर राहण्याच्या हमीवर सुटकेचा कागद. का? कोणालाच माहीत नाही, बहुधा टेबलापलीकडचा अधिकारी वेगळा होता म्हणून. सप्टेंबर २०२३ मध्ये इमिग्रेशनच्या अपील मंडळाने निकाल दिला की आय-२२०ए वर सुटका म्हणजे पॅरोल नव्हे. झालं, रस्ता बंद. असे हजारो क्युबन अडकलेत आणि त्यांच्या जिवावर अख्खा धंदा उभा राहिलाय.

नवऱ्याच्या मावशीने, म्हणजे आमच्या तियाने, 'नोतारिओ' सुचवला. तिचा दोष नाही. क्युबात नोतारिओ म्हणजे कायदा शिकलेला, वजनदार माणूस. इथला नोटरी पब्लिक म्हणजे शिक्का मारणारा. फ्लोरिडात तीन तासांचा कोर्स आणि थोडी फी भरली की शिक्का हातात. जाहिरातीत 'नोतारिओ पुब्लिको' लिहायलाही राज्यात मनाई आहे. तियाने सुचवलेल्या माणसाच्या काचेवर ते हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं. मला हे माहीत होतं का? नाही. माझ्यासाठी नोटरी म्हणजे सांगलीच्या कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेले काका, आणि त्यांनी मला कधी फसवलं नाही.

ऑक्टोबर २०२४. लॉन्ड्रीशेजारचं ऑफिस, भिंतीवर क्युबन लोकांच्या मेरीमातेची, कारिदाद देल कोब्रेची तसबीर, खाली प्लॅस्टिकची सूर्यफुलं. बसल्याबसल्या समोर कोलादा, म्हणजे कडक क्युबन कॉफी, आला, अंगठ्याएवढ्या कपांत. त्याने नवऱ्याचा कागद हातात घेतला. मथळा मला माझ्या खुर्चीतून, उलटा, वाचता येत होता: 'ऑर्डर ऑफ रिलीज ऑन रिकग्निझन्स'. मी विचारलंसुद्धा, "यात पॅरोल हा शब्द कुठे आहे?" तो हसला. फॉर्मचा नंबर होता त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून म्हणाला, "सोडलं म्हणजेच पॅरोल. त्रांकिला, मी रेना." काळजी नको, राणी. नवऱ्याने मान डोलावली आणि मी गप्प बसले. माझं स्पॅनिश भाजीबाजारापुरतं. त्या दोघांच्या गप्पांत मी आपलं शंकेखोर पाहुण्यासारखं कशाला बसायचं?

सरकारी फी प्रत्येकी १,४४०, दोघांचे २,८८०. हा आकडा बरोबर होता आणि तिथेच मी फसले. अर्धं खरं बोलणारा माणूस पूर्ण खोट्यापेक्षा महाग पडतो. ती फी त्याने रोख मागितली, "मी इकडून भरतो" म्हणून. सरकारी फी तुमच्या खात्यातून थेट सरकारच्या नावाने जाते. मधल्या माणसाच्या खिशातून जात असेल तर उठा, कॉफी तशीच ठेवून उठा.

अर्जाच्या शेवटी, अर्ज भरून देणाऱ्याचं नाव आणि सही यांचा भाग असतो. तो त्याने कोरा ठेवला. मी बोट दाखवलं तर म्हणाला, "तो वकिलांसाठी."

डिसेंबरात व्हॉट्सॲपवर अर्ज पोचल्याच्या सरकारी पावतीचा फोटो आला. मी सांगलीला आईला फोन केला. आईने गल्लीत पेढे वाटले.

आता ऐका. खऱ्या पावतीवरचा नंबर तीन अक्षरं आणि दहा अंक असा असतो. आमच्या पावतीवर अंक नऊ होते. मी मोजले. दोनदा मोजले. सरकारी संकेतस्थळावर टाकला तर असा नंबरच नाही म्हणे. मी रोज आठ तास लोकांच्या अशाच चुका पकडते आणि त्याचा पगार घेते. बग नोंदवताना मी कोणाच्या बापाला घाबरत नाही. इथे मात्र त्याला फोन केला आणि "सिस्टीम स्लो आहे, जानेवारीत दिसेल" हे गुमान ऐकून घेतलं. का? कारण पेढे वाटून झाले होते.

जानेवारीत त्याने 'पॅरोल करेक्शन' नावाची नवी गोष्ट काढली. १,२०० डॉलर. वर सल्ला, की नवऱ्याचा कोर्टात चालू असलेला आश्रयाचा (असायलमचा) अर्ज मागे घ्या, दोन अर्ज एकत्र चालत नाहीत. पैसे दिले. अर्ज मागे घेतला नाही, तोही शहाणपणाने नव्हे, नवऱ्याला कामावरून सुटी मिळाली नाही म्हणून. मार्चमध्ये खऱ्या वकीलबाईंकडे गेलो, तासाचे १५० डॉलर. त्या म्हणाल्या, आश्रयाचा अर्ज काढला असता तर कोर्टात उभं राहायला नवऱ्याकडे काहीच उरलं नसतं. आमच्या नावाने सरकारकडे एकही अर्ज गेलेला नव्हता. ऑफिसला कुलूप, फोन बंद.

पोलिसांकडे गेले. एकटीच गेले, कारण आय-२२०ए वाला माणूस आता इमिग्रेशन खात्यातल्या ठरलेल्या हजेरीला जायलाही घाबरतो, २०२५ पासून हजेरीतूनच लोकांना उचलताहेत. हे चोर नेमके त्यावरच जगतात. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत ना?" हो. "मग हा दिवाणी मामला." बँक म्हणाली, झेल तुम्हीच मंजूर केलंत. रोख रकमेबद्दल तर विचारायचीही सोय नाही. वकिलांच्या नियामक संस्थेकडे परवान्याशिवाय वकिली केल्याची तक्रार दिली. त्यांचं पत्र आलं की चौकशी करू, पैसे परत मिळवून देणं आमचं काम नाही. ग्राहक खात्याला पैसे घेतल्याच्या मूळ पावत्या हव्यात. अहो, पावती दिली असती तर तो चोर कसला? इमिग्रेशनच्या हेल्पलाइनवर पाऊण तास यंत्राशी बोलून माणूस मिळाला, तर तो म्हणतो केस नंबर सांगा. खोटा नंबर चालत नाही. आणि खरा नंबर नाही, हीच तर तक्रार! हे मी त्याला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने मला शुभ दिवस चिंतला. मराठी मंडळातल्या एका काकांनी तर कमाल केली: "आधी विचारायचं होतंस." विचारलं असतं तर काकांना आय-२२०ए माहीत होतं का?

इमिग्रेशनचा सल्ला फक्त वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधी देऊ शकतात. दोन्ही नावं ऑनलाइन तपासता येतात, दोन मिनिटांचं काम आहे. मी केलं नाही. कोऱ्या कागदावर सही करू नका. प्रत्येक पानाचा फोटो काढा, समोरचा कुरकुरला तर काय ते ओळखा. आणि आय-२२०ए चं पॅरोल करून देतो म्हणणारा कोणीही असो, नातेवाईक असला तरी, त्याला दारातूनच वाटेला लावा.

नियामक संस्थेचं म्हणणं, आणखी तक्रारदार मिळाले तर प्रकरण जोर धरेल. म्हणून तियाला विचारायला गेलो, तिच्या ओळखीत अजून कोणी आहे का. तिने बराच वेळ ओटा पुसला. मग सांगितलं की धाकट्या मुलासाठी तिनेही २,२०० दिले होते, आमच्या आधी सहा महिने. त्याचीही पावती आली होती. आम्ही फ्रिजवरची ती पावती काढून अंक मोजले. नऊ. तक्रारीवर सही करायला ती अजून तयार नाही.