बायपासनंतर वजन परत वाढलंय: तोंडातून टाके की परत ऑपरेशन?

ताईचं वजन कमी करायचं बायपास (हृदयाचं नव्हे, पोटाचं) होऊन ७ वर्षं झाली, आधी अर्धी भाकरी खाल्ली तरी पोट गच्च व्हायचं, आता दोन खाऊनही तासाभरात डबे उघडते, आणि वजन परत चढलंय. एंडोस्कोपीत दिसलं की पाऊच, म्हणजे ऑपरेशनमध्ये केलेली जठराची छोटी पिशवी, आणि आतड्याचा जोड सैल पडलाय.

अशा वेळी पहिला पर्याय टोरे, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तो जोड आर्गॉन वायूच्या उष्णतेने भाजून टाके घालायचे, जोडाचं तोंड साधारण ८-१० मिलिमीटरवर आणायचं. पोटावर चिरा नाही, बहुतेकदा एक-दोन दिवसांत घरी. पण उतरतं ते साधारण एकूण वजनाच्या ८-१० टक्के, आणि टाके पुढे सैल होऊ शकतात.

दुसरा म्हणजे डिस्टलायझेशन, परत ऑपरेशन करून आतड्याचा आतड्याशी असलेला खालचा जोड आणखी खाली नेऊन अन्न पचायला मिळणारी लांबी कमी करायची. वजन जास्त उतरतं हे खरं, पण जुलाब, प्रोटीन कमी पडून पायावर सूज, अ-ड-ई-के व्हिटॅमिनची कमतरता, आणि गोळ्या, रक्त तपासण्या जन्मभर.

जोड सैल असेल तर आधी टोरेच विचारा असं मला मनापासून वाटतं, आतड्याला हात नंतर. जोड नॉर्मल असेल तर मात्र टाके घालून काय उपयोग?