वाटीखालचं दुखणं: एक इंजेक्शन आणि आठ महिन्यांचा व्यायाम

व्हॉलीबॉल खेळताना उडी मारून खाली आले की उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या अगदी खालच्या टोकाला कळ यायची. एका बोटाने दाखवता येईल एवढीच जागा. पॅटेलर टेंडिनोपथी, म्हणजे वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या चिवट पट्ट्याचं, टेंडनचं, दुखणं. जिना उतरताना कठडा धरायची वेळ आली, तेव्हा मी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं.

गुण लवकर आला, हे मान्यच करते. चौथ्या दिवशी कठड्याला हात न लावता जिना उतरले आणि दुसऱ्याच आठवड्यात खेळायला लागले. तिथेच चुकलं. कळ थांबली होती, टेंडन मात्र होतं तसंच होतं. अडीच महिन्यांनी दुखणं परत आलं, आणि आता सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेलाही असायचा. स्टिरॉइडने टेंडन कमकुवत होऊ शकतं, म्हणून दुसऱ्यांदा सुई नको असं मी ठरवलं.

नंतर कळलं की माझं काही जगावेगळं झालं नव्हतं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात 39 रुग्णांचे तीन गट केले होते: एकाला स्टिरॉइड, दोघांना वेगवेगळे व्यायाम. 12 आठवड्यांनी तिन्ही गटांना आराम होता. सहा महिन्यांनी इंजेक्शनवाले घसरले, व्यायामवाल्यांचा आराम टिकला.

फिजिओने आधी 25 अंश उताराच्या फळीवरचे स्क्वॉट दिले. 15चे तीन सेट, दिवसातून दोनदा. तीन आठवड्यांत मी कंटाळले, रोज दोन वेळा दुखणं अंगावर घेणं जमेना. मग जड वजनाचा, संथ व्यायाम सुरू केला: आठवड्यातून तीन दिवस, चार सेट, सुरुवातीला 15 वेळा आणि वजन वाढत जाईल तसं सहापर्यंत खाली. सगळी मेख वेगात आहे. लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर, तीन आकडे मोजत खाली, तीन मोजत वर. सहाव्या वेळी मांडी थरथरते, वाटीखाली ऊब जाणवते आणि घाईने ढकलून मोकळं व्हावंसं वाटतं. नेमकं तेच करायचं नाही.

व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं का, ही माझी सगळ्यात मोठी भीती होती. 10 पैकी तीनपर्यंत दुखलेलं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नको. म्हणून रोज सकाळी एका पायावर स्क्वॉट करून वहीत आकडा लिहायचे. पहिले सहा आठवडे तो हललाच नाही. तिसऱ्या महिन्यात पाचाचा तीन झाला, सहाव्या महिन्यात एक.

मध्ये पीआरपीचा सल्लाही मिळाला, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त भाग टेंडनमध्ये टोचणं. 2019च्या एका अभ्यासात 57 खेळाडूंना व्यायामाच्या जोडीला पीआरपी किंवा नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं, आणि 12 आठवड्यांनी फरक दिसला नाही. मी नाही घेतलं.

आठ महिन्यांनंतर मी पूर्ण सामना खेळते. लागोपाठ दोन दिवस खेळले की तिसऱ्या सकाळी वहीत अजून दोन लिहावा लागतो, म्हणून मध्ये एक दिवस सोडते. लेग प्रेस आठवड्यातून दोनदा चालूच आहे.